ऑरगॅनिक की फॅक्टरी फार्मचं? जास्तीचे पैसे नेमके कुठे टाकायचे ते ठरवायची पद्धत

ऑरगॅनिक परवडतं का आणि घ्यावं का, हा प्रश्न असा एका दमात विचारला की उत्तर मिळतच नाही, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. ऑरगॅनिक म्हणजे शेतात आणि खाद्यात काय वापरायचं, काय नाही वापरायचं याचे नियम. आणि फॅक्टरी फार्म म्हणजे हजारो जनावरं किंवा कोंबड्या बंद शेडमध्ये दाटीवाटीने ठेवून कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त मांस, अंडी, दूध काढायची पद्धत. तांदूळ फॅक्टरी फार्ममध्ये पिकत नाही, कांदाही नाही. त्यामुळे सगळी पिशवी ऑरगॅनिक नाहीतर सगळी साधी असा विचार करूच नका, एकेक वस्तू समोर घ्या आणि इथे जास्त पैसे दिले तर मला नेमकं काय मिळतंय हे विचारा. बहुतेकांच्या बाबतीत पैसे सगळ्यात जास्त कामी येतात ते अंडी, चिकन, मांस, दूध यात, आणि भाजी-धान्यात त्या मानाने बरेच कमी, असं माझं ठाम मत झालंय, का ते पुढे सांगतो.

सगळ्यात आधी एक कागद घ्या आणि तुम्हाला हे का करायचंय ते लिहा. भाजीवरच्या फवारणीची भीती वाटते, घरात लहान मुलं आहेत, जनावरांचे हाल बघवत नाहीत, अँटिबायोटिकची काळजी वाटते, जमीन-पाणी-हवामान डोक्यात आहे, की नुसती चव? जे असेल ते लिहा पण त्याचा क्रम लावा, पहिलं कारण कुठलं ते ठरवा. हे करायला सांगतोय कारण प्रत्येक कारणाचं उत्तर वेगळं येतं, आणि लोक एका कारणासाठी पैसे देतात आणि फायदा भलत्याच गोष्टीचा होतो.

पोषणाचं आधी उरकून टाकू, कारण त्यात फार दम नाही. २०१२ साली शेकडो अभ्यास एकत्र करून एक मोठा आढावा निघाला होता, त्यात जीवनसत्त्वांमध्ये वगैरे म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. २०१४ च्या दुसऱ्या आढाव्यात ऑरगॅनिक पिकांत अँटिऑक्सिडंट (पेशींचं नुकसान रोखणारे घटक) जास्त आणि कॅडमियम हा जड धातू कमी सापडला. २०१६ मध्ये दूध आणि मांसाचा हिशेब झाला तेव्हा ऑरगॅनिकमध्ये ओमेगा-३, म्हणजे हृदयाला चांगलं समजलं जाणारं फॅट, साधारण ५०% जास्त निघालं. ऐकायला भारी वाटतं पण दुधात मुळात ओमेगा-३ असतंच थोडंसं, थोड्याचं दीडपट म्हणजे पण थोडंच. शिवाय ते वाढतं जनावर गवत खातं म्हणून, सर्टिफिकेटमुळे नाही, त्यामुळे ऑरगॅनिकचा शिक्का नसलेल्या पण चरायला जाणाऱ्या गाईच्या दुधातही ते मिळतं. आणि त्याच २०१६ च्या अभ्यासांत ऑरगॅनिक दुधात आयोडीन कमी सापडलं होतं हे कुणी सांगत नाही. गरोदर बाईच्या घरात आयोडीन मुख्यतः दुधातून येत असेल तर दूध बदलायच्या आधी डॉक्टरांशी बोला, आणि आयोडीनयुक्त मीठ वापरताय ना तेही बघा.

कीटकनाशकांच्या अंशांबाबत फरक खरा आहे. २०१२ च्या त्याच आढाव्यात साध्या भाजी-फळांच्या ३८% नमुन्यांत अंश सापडले होते, ऑरगॅनिकच्या ७% मध्ये. २००६ साली छापून आलेल्या एका अभ्यासात २३ शाळकरी मुलांना सलग ५ दिवस बहुतेक सगळं ऑरगॅनिक खायला दिलं तर लघवीतले दोन प्रकारच्या कीटकनाशकांचे अंश लगेच जवळपास दिसेनासे झाले आणि जुनं खाणं सुरू केल्यावर परत आले. म्हणजे शरीरात जाणारं प्रमाण कमी होतं यात शंका नाही. पण त्यातून आजार किती टळतो हे सांगणं अवघड आहे, कारण साध्या मालातले अंशसुद्धा बहुतेक वेळा ठरवलेल्या मर्यादेच्या आतच असतात. कॅन्सरचं बघा, ब्रिटनमधल्या ६ लाखांहून जास्त बायकांच्या २०१४ च्या अभ्यासात ऑरगॅनिक खाणाऱ्यांत एकूण कॅन्सर कमी दिसला नाही, आणि फ्रान्समधल्या जवळपास ६९ हजार लोकांच्या २०१८ च्या अभ्यासात तो २५% कमी दिसला. दोन्ही अभ्यास नुसतं निरीक्षण करणारे, आणि ऑरगॅनिक घेणारे लोक एरवीही तब्येतीला जपणारे असतात, मग फरक कशामुळे हे कसं वेगळं काढणार? म्हणून कॅन्सर टळेल या आशेने ऐपतीबाहेर खर्च करू नका.

अजून एक, ऑरगॅनिक म्हणजे फवारणीच नाही असं नसतं. तांब्याची संयुगं, पायरेथ्रिन, स्पिनोसॅड, कडुनिंबाचा अर्क अशा गोष्टी चालतात. तांबं तर जमिनीत साठून राहतं, त्याचं विघटन होत नाही, म्हणून युरोपात त्यावर ७ वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातलेली आहे. मात्र शेतात रोज उभं राहून फवारणी करणाऱ्या माणसाचा विचार केला की घातक रासायनिक कीटकनाशकं कमी वापरणारी शेती मला फार मोलाची वाटते, त्याच्या अंगावर जे उडतं ते आपल्या ताटात येणाऱ्या अंशाच्या कितीतरी पट असतं.

आता जनावरांकडे येऊ, कारण खरा फरक इथे आहे आणि हे मी सविस्तर सांगणार आहे. हजारो कोंबड्या एका छपराखाली दाटीने असतील तर एक आजारी पडली की सगळ्या पडणार, म्हणून आजार नसतानाच खाद्या-पाण्यातून अँटिबायोटिक द्यायची सवय या धंद्याला लागली, त्यात वजनही लवकर वाढतं असं दिसलं. रोज थोडं थोडं औषध मिळालं की जंतूंना त्याची सवय होते, आणि ते जंतू मांसातून, शेणखतातून, पाण्यातून, तिथे काम करणाऱ्यांच्या हातांवरून बाहेर येतात. २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांतल्या जंतूंत असा एक जीन (जनुक) सापडला ज्याच्यामुळे कोलिस्टिन चालत नाही, आणि कोलिस्टिन म्हणजे बाकी सगळं हरल्यावर डॉक्टर वापरतात त्यातलं औषध. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख माणसं थेट दगावली असा अंदाज आहे. हे सगळे मृत्यू शेडमुळे झाले असं मी म्हणत नाही, माणसांनी गोळ्या वाटेल तशा खाल्ल्या त्याचाही त्यात मोठा हात आहे. पण निरोगी जनावरांना सरसकट अँटिबायोटिक देणं थांबवा असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये स्पष्ट सांगितलंय, आणि युरोपने वाढीसाठीचा वापर २००६ मध्ये आणि सरसकट देणं २०२२ मध्ये बंद केलं. ऑरगॅनिकच्या नियमांत असं सरसकट देणं बसतच नाही. इथे जे जास्तीचे पैसे जातात त्याचा फायदा आपल्या एकट्याला होत नाही, सगळ्यांना होतो, आणि स्वस्त चिकनचा हा खर्च बिलावर छापलेला नसतो इतकंच.

आणि जनावरांचे हाल. हे मला सगळ्यात जास्त लागतं आणि ते लपवून हिशेब सांगण्यात अर्थ नाही. कॅनडात एका संशोधनात १९५७ च्या जातीची आणि २००५ च्या जातीची कोंबडी एकाच खाद्यावर वाढवली, ५६ दिवसांनी जुनीचं वजन ९०५ ग्रॅम भरलं आणि नवीचं ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच, दिवस तेवढेच. म्हणजे हा फरक हार्मोनचा नाही, निवडून निवडून पैदास केल्याचा आहे, आणि एवढं वजन इतक्या लहान वयाच्या पायांना आणि हृदयाला झेपत नाही, कितीतरी कोंबड्या शेवटी शेवटी धड चालूही शकत नाहीत. अंड्यांच्या जुन्या पद्धतीच्या पिंजऱ्यात एका कोंबडीला ए-फोर कागदापेक्षाही कमी जागा मिळते, तिला पंख पसरता येत नाहीत, घरटं करता येत नाही. युरोपात हे साधे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद आहेत, पण जगात ते अजून भरपूर आहेत. ऑरगॅनिकमध्ये जागा जास्त, बाहेर जायची सोय असायला हवी, खाद्य ऑरगॅनिक. तरी एक लक्षात ठेवा की बाहेर जायची सोय आणि प्रत्यक्ष बाहेर जाणं यात अंतर असतं, शेडला चार छोटी दारं ठेवली तरी कागदावर सोय झाली.

हवामानाचं उत्तर मात्र उलटं येतं आणि खूप जणांना ते पटत नाही. ऑरगॅनिक शेतीचं उत्पादन कमी येतं, २०१२ च्या एका विश्लेषणात पिकाप्रमाणे ५ ते ३४% कमी आणि २०१४ च्या दुसऱ्यात सरासरी सुमारे १९% कमी, म्हणजे तेवढंच पिकवायला जमीन जास्त लागते आणि ती कुठलं तरी जंगल किंवा गवताळ रान मोडून मिळवावी लागू शकते. दुसऱ्या बाजूला मातीतले सेंद्रिय घटक, मधमाश्या, किडे, पक्षी यांना ऑरगॅनिक शेतात बरं असतं. आणि मोठ्या फॅक्टरी फार्मचं शेण-मूत एकाच ठिकाणी इतकं साठतं की ते खत न राहता घाण होते, नायट्रेट भूजलात उतरतं आणि अमोनियाने आसपासच्या लोकांना श्वास घेणं अवघड होतं. किलोमागे हरितगृह वायू मोजले तर ऑरगॅनिक आणि साधं यात मोठा फरक निघत नाही, फरक निघतो काय खाताय त्याच्यात. २०१८ मध्ये ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र केली तेव्हा दिसलं की कमीत कमी नुकसान करणारं बीफ घेतलं तरी तेवढ्याच प्रथिनांसाठी ते वाटाण्याच्या ३६ पट वायू सोडतं. तेव्हा कागदावर पहिलं कारण हवामान लिहिलं असेल तर लेबल शोधण्यापेक्षा मांसाचं प्रमाण कमी करा, पैसेही वाचतील.

आता हिशेब. महिन्याचा सगळा खाण्याचा खर्च १००० धरा, चलन कुठलंही असो. त्यात समजा अंडी ४०, दूध १५०, चिकन १२०, धान्य-डाळी २००, भाजी-फळं २५०, उरलेलं तेल, मसाला, बिस्किटं वगैरे. आता तुमच्या बाजारात प्रत्येकाला किती टक्के जास्त पडतात ते खरोखर लिहून आणा, अंदाजाने नको. समजा ऑरगॅनिक अंडी ७०% महाग आहेत, ऐकून दचकायला होतं पण ४० चे ७०% म्हणजे २८, सगळ्या खर्चाच्या ३% पण नाही. धान्य ६०% महाग असेल तर तिथे मात्र १२० जातात, म्हणजे अंड्यांच्या चौपटीहून जास्त, आणि त्यातून जनावरांना काही मिळत नाही आणि अँटिबायोटिकचा तर संबंधच नाही. टक्के बघून ठरवू नका, महिन्याला एकूण किती जातात ते बघा. मग शेजारी तुमचं पहिलं कारण लिहा आणि त्या कारणासाठी कमीत कमी पैशांत जास्तीत जास्त काय होतंय त्या वस्तूपासून सुरुवात करा. माझ्या मते बऱ्याच घरांत ती वस्तू अंडी असते.

चिकनचं गणित असं करा. साधं १०० आणि चांगलं २२० असेल तर महिन्यात चारदा साधं आणायचे ४०० होतात, दोनदा चांगलं आणायचे ४४०. उरलेल्या दोन वेळा डाळ किंवा बीन्स, त्याचे थोडे वर. म्हणजे खर्च जवळपास तिथेच राहतो, फॅक्टरी फार्मला आपला एक पैसा जात नाही आणि मांसही निम्म्यावर येतं. लोक नेहमी आहे तेवढंच प्रमाण ठेवून किंमत लावून बघतात आणि म्हणून त्यांना ते अशक्य वाटतं.

लेबल वाचायला शिकलं नाही तर पैसे फुकट जातात, त्यामुळे हे नीट बघा. नॅचरल, फार्म फ्रेश, देशी, शुद्ध असल्या शब्दांमागे बऱ्याचदा कुठलाच तपासलेला नियम नसतो. कोंबडीवर हार्मोन-फ्री लिहिलं असेल तर त्याचे जास्त पैसे देऊ नका, कोंबडीच्या धंद्यात हार्मोन वापरतच नाहीत, अमेरिकेत तर त्यावर १९५० च्या दशकापासून बंदी आहे. शाकाहारी खाद्य दिलेली कोंबडी हेही चांगुलपणाचं लक्षण नाही, कोंबडी निसर्गात किडे खाते. सर्टिफिकेट असेल तर तपासणी करणाऱ्या संस्थेचं नाव किंवा नंबर पाकिटावर असायला हवा आणि तो शोधून बघता यायला हवा. तयार पदार्थांत अमेरिका आणि युरोप दोन्हीकडे ऑरगॅनिक म्हणायला शेतीतून येणारे किमान ९५% घटक ऑरगॅनिक लागतात, पण ऑरगॅनिक बिस्किट हे शेवटी बिस्किटच, साखर तेवढीच असते, तिथे जास्त पैसे घालवण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

अंडं हातात घेऊन बघा म्हणजे कळेल बाहेरून किती कमी समजतं. कवच तपकिरी की पांढरं हे कोंबडीच्या जातीवर असतं. बलक गडद केशरी असला की लोक खूश होतात पण तो खाद्यात झेंडूचा किंवा लाल मिरचीचा अर्क घालूनही तसा आणता येतो, आणि मोठ्या फार्मवर आणतातच. म्हणून युरोपात अंड्याच्या कवचावरच आकडा छापायला लावलाय, पहिला आकडा ० असेल तर ऑरगॅनिक, १ असेल तर मोकळी फिरणारी, २ म्हणजे शेडमध्ये पण पिंजऱ्याशिवाय, ३ म्हणजे पिंजरा, बंद झालेला जुना साधा नव्हे, थोडा सुधारलेला. असा आकडा तुमच्याकडे नसेल तर निदान पिंजऱ्यातली की बिनपिंजऱ्याची एवढं तरी विचारा, कारण पिंजऱ्यातून बाहेर येणं ही कोंबडीसाठी सगळ्यात मोठी पायरी आहे आणि तिथपर्यंतचा भावातला फरक बहुधा ऑरगॅनिकपेक्षा बराच कमी असतो.

थेट शेतकऱ्याकडून घेता येत असेल तर सर्टिफिकेट नसलं म्हणून लगेच नाही म्हणू नका. सर्टिफिकेटची फी असते, कागदपत्रं असतात, आणि जमीन साध्याची ऑरगॅनिक करायला दोन-तीन वर्षं जातात, त्या काळात उत्पादन घटतं आणि भाव मात्र साध्या मालाचाच मिळतो, छोट्या माणसाला ते जमतंच असं नाही. त्याला विचारा, जनावर आजारी पडलं की काय करता? औषध दिल्यावर किती दिवस दूध किंवा अंडी विकत नाही? हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण आम्ही औषध कधीच देत नाही असं अभिमानाने सांगणारा मला जास्त खटकतो, आजारी जनावराला औषध द्यायलाच हवं आणि मग ठरलेले दिवस माल बाजूला ठेवायला हवा. कोंबड्या किती दिवसांच्या असताना कापता, पिलं कुठल्या जातीची, बाहेर किती तास असतात, शेणखताचं काय करता, हेही विचारा. जो शेड दाखवायला तयार असतो त्याच्याशी बोलणं सोपं जातं.

भाजी-फळांत पैसे थोडेच असतील तर सालासकट खायच्या आणि नाजूक वस्तूंवर टाका, स्ट्रॉबेरी, पालक, द्राक्षं, सफरचंद. कांदा, अननस, अवोकाडो, जे सोलून खातो ते साधंच घ्या. आणि धुण्याने बऱ्यापैकी काम होतं हे विसरू नका, वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. २०१७ च्या एका प्रयोगात सफरचंद १% खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात, म्हणजे लिटरला साधारण दोन छोटे चमचे, १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर सालीवर लावलेली दोन कीटकनाशकं जवळपास निघून गेली, सालीच्या आत मुरलेलं मात्र निघालं नाही. साबण लावू नका.

जंतूंना ऑरगॅनिक-बिगरऑरगॅनिक काही कळत नाही. २०११ मध्ये जर्मनीत एका ऑरगॅनिक फार्मवरच्या मोडांमधून ई-कोलायची साथ पसरली आणि ५० हून जास्त माणसं गेली. मोड शिजवून खा, दूध पाश्चराइज केलेलं किंवा उकळलेलं घ्या, कच्चं चिकन नळाखाली धुवू नका कारण शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर पसरतात, आणि आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस जाईल असं शिजवा. हे कितीही महागडं चिकन आणलं तरी करायचंच आहे.

पैसे काढायची एक जागा बहुतेक घरांत आधीच असते, फेकलं जाणारं अन्न. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये ग्राहकांपर्यंत पोचणाऱ्या अन्नातलं सुमारे १९% दुकानं, हॉटेलं आणि घरं मिळून वाया गेलं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त घरांतलं होतं. दोन आठवडे काय फेकलं ते फक्त लिहून ठेवा, आणि त्याचे पैसे काढून बघा, कित्येकदा अंडी बदलायचा सगळा खर्च त्यातूनच निघतो. ऑरगॅनिक भाजी महाग म्हणून आणली आणि तीच कुजली तर दुहेरी तोटा, म्हणून ती कमी आणि वरचेवर आणा.

आणि ज्यांना आत्ता यातलं काहीच परवडत नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नका हो, खरंच. भाजी-फळं भरपूर खाण्याचा फायदा इतका पक्का आहे की अंशांच्या भीतीने ती कमी करणं हा चुकीचा सौदा ठरतो, विशेषतः मुलांच्या बाबतीत. साधी भाजी धुवून घ्या, फ्रोझन मिळाली तरी चालेल, मांसाची एखादी वेळ डाळीवर न्या आणि जेव्हा हात थोडा मोकळा होईल तेव्हा आधी पिंजऱ्यातली अंडी बंद करा.